डॉ. विक्रम साराभाई व त्यांचे चंद्रावरचे विवर

डॉ. विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव अंबालाल व आईचे नाव सरलादेवी. घरच्या कापडाच्या गिरण्या होत्या. आईवडिलांनी मुलांसाठी घरीच शाळा काढली होती! पुढे ते इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे शिकायला गेले. पण दुसरे महायुद्ध सुरू झाले म्हणून परत आले आणि बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले.

मनात आणलं असतं तर ते गिरणीच सांभाळत बसले असते. पण त्यांना आकाशाचा भारी नाद. १९४७ साली त्यांनी अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू केली.

नंतर केरळात समुद्रकाठी थुंबा या गावी त्यांनी रॉकेट उडवण्याची जागा निवडली. तेथे एक जुने चर्च होते. बिशपसाहेबांनी व गावकऱ्यांनी ते देऊन टाकले आणि तेथेच शास्त्रज्ञांचे ऑफिस झाले. रॉकेटचे भाग चक्क सायकलवरून नेत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले रॉकेट उडाले.

गरीब देशाला रॉकेट कशाला, असे तेव्हा पुष्कळ लोक विचारत. साराभाईंचे म्हणणे वेगळे होते. उपग्रहामुळे खेड्यातल्या माणसांना टी.व्ही.वर शेतीची आणि आरोग्याची माहिती मिळेल, असे त्यांना वाटे. १९७५ साली २४०० खेड्यांत तसे कार्यक्रम दाखवले गेले. त्याच वर्षी आपला आर्यभट्ट उपग्रहही आकाशात गेला. पण हे बघायला साराभाई नव्हते. थुंब्याच्या कामासाठी गेले असताना ३० डिसेंबर १९७१ रोजी ते कोवलम येथे झोपेतच वारले. वय फक्त ५२ वर्षे.

त्यांच्या मृत्यूनंतर चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव दिले गेले. विवर म्हणजे दगड आदळून झालेला मोठा गोल खड्डा. २०१९ साली आपले चांद्रयान-२ चंद्राकडे गेले. त्याच्यातून जो उतरणार होता त्याचे नावही विक्रमच. तो सप्टेंबरमध्ये जोरात आदळला व गप्प झाला. सगळ्यांना फार वाईट वाटले. पण वरचे यान चंद्राभोवती १०० किलोमीटर उंचीवरून फिरतच राहिले, आणि जुलै २०२० मध्ये त्याच्या कॅमेऱ्याने साराभाई विवराचा फोटो काढला!

हा कॅमेरा एकच जागा तीन बाजूंनी बघतो : पुढे तिरपे, सरळ खाली आणि मागे तिरपे. तुम्ही एक डोळा मिटून बोट पाहा, मग दुसरा मिटून पाहा. बोट सरकल्यासारखे वाटते ना? तसेच तीन फोटोंतला फरक मोजून खोली काढतात. साराभाई विवर सुमारे ८ किलोमीटर रुंद आणि १.७ किलोमीटर खोल निघाले. आपले कळसूबाईचे शिखर समुद्रापासून १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे खड्डा त्याच्यापेक्षा जास्तच!

पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम मात्र नीट उतरला.

साराभाई विवर साध्या डोळ्यांना दिसत नाही. पण पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळे डाग दिसतात, ती थिजलेल्या लाव्हारसाची मैदाने आहेत. त्यांतल्याच एका डागात ते आहे.