विनोबा आणि त्यांचे टीकाकार

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना थोड्याच अंतरावर पवनार हे गाव लागते. तेथे धाम नदीच्या काठी, उंचवट्यावर एक आश्रम आहे. धाम नदीच्या पलीकडचा म्हणून त्याला परंधाम हे नाव मिळाले. आचार्य विनोबा भावे यांचा हा आश्रम. भूदानामुळे विनोबांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. लाखो लोकांनी त्यांना मान दिला. पण आयुष्यभर त्यांच्यावर टीकाही झाली. ती का झाली आणि विनोबा तिला कसे सामोरे गेले, ते आपण पाहू या.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. १९१६ साली ते इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले. पण वाटेत सुरतेला गाडी बदलून ते थेट काशीला गेले. त्याच वर्षी ते अहमदाबादला महात्मा गांधींना भेटले आणि त्यांच्या आश्रमात राहू लागले. गांधीजींच्या सांगण्यावरून १९२१ साली ते वर्ध्याला आले. तेव्हापासून वर्धा जिल्हाच त्यांची कर्मभूमी झाला. १९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली या गावी भूमिहीन दलितांनी विनोबांकडे जमीन मागितली. विनोबांनी गावकऱ्यांसमोर हा प्रश्न ठेवला. तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी आपली शंभर एकर जमीन देऊ केली. येथून भूदानाची चळवळ सुरू झाली. त्यानंतर विनोबा सुमारे तेरा वर्षे देशभर पायी फिरले. त्यांना चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दान मिळाली. परंतु टीकाकार गप्प बसले नाहीत. दान मागून गरिबी जात नाही, त्यासाठी कायदाच हवा, असे साम्यवादी म्हणत. मिळालेली बरीच जमीन खडकाळ आहे किंवा वादात अडकलेली आहे, असेही अनेकांनी दाखवून दिले. ही टीका खोटी नव्हती. पुष्कळशी जमीन भूमिहीनांच्या हाती पोहोचलीच नाही.

आता दुसरी गोष्ट पाहा. १९५३ साली विनोबा दलित बांधवांना बरोबर घेऊन देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात दर्शनाला गेले. तेव्हा देवघर बिहारमध्ये होते. तेथील पंड्यांनी त्या सर्वांना मारहाण केली. विनोबांच्या कानावरही तडाखा बसला. तरीही मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, असेच त्यांनी सांगितले. येथे विरोध का झाला? जुनी रूढी मोडली तर आपले महत्त्व जाईल, ही भीती त्यामागे होती. पुढे १९५८ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराने विनोबांना सर्व धर्मांच्या सोबत्यांसह आत येण्याचे निमंत्रण दिले. पाच वर्षांपूर्वी ज्या विचाराने मार खाल्ला, त्याच विचारासाठी पंढरपुरात दार उघडले.

तिसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटेल. विनोबा अरबी शिकले आणि त्यांनी पवित्र कुरआन मूळ भाषेतून वाचला. अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर त्यांनी त्यातील आयती विषयवार निवडल्या. हे संकलन १९६२ साली ‘रूहुल कुरआन’ या नावाने प्रसिद्ध झाले. एका मुस्लिमेतर माणसाने अशी निवड करावी का, हा प्रश्न श्रद्धावान मनात येणे स्वाभाविक होते. परंतु पाकिस्तानातील काही वृत्तपत्रांनी पुस्तक हाती येण्यापूर्वीच त्यावर टीका सुरू केली. जे पुस्तक पाहिलेच नाही त्याला नावे कशी ठेवता, असे भारतातील मुसलमान लेखकांनीच त्यांना विचारले. त्याच वर्षी विनोबा पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, पदयात्रा करीत गेले. तेथील लोकांनीही त्यांना जमीन दिली.

विनोबांवरची सर्वांत कठोर टीका मात्र त्यांच्या उतारवयात झाली. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर बंधने आली, हजारो लोक तुरुंगात गेले. त्यांत विनोबांचे जुने सहकारी जयप्रकाश नारायणही होते. विनोबांचे तेव्हा एक वर्षाचे मौन चालू होते. मौनातच त्यांनी ‘अनुशासनपर्व’ हा महाभारतातील शब्द दाखवला. सरकारने त्याचा भरपूर प्रचार केला. विनोबांनी आणीबाणीला आशीर्वाद दिला, असे लोक म्हणू लागले. काहींनी तर त्यांना सरकारी संत म्हटले. मौन संपल्यावर विनोबांनी खुलासा केला की, अनुशासन हे आचार्यांचे असते, सरकारचे असते ते शासन. १९७६ च्या आरंभी त्यांनी पवनारला आचार्यांचे संमेलनही भरवले. पण अनेकांचे समाधान झाले नाही. माणसे तुरुंगात असताना विनोबांनी स्पष्ट बोलायला हवे होते, असे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनाही वाटले. या टीकेत वजन होते.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला विनोबांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत त्यांनी अन्न आणि औषध सोडले होते. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला.

मित्रांनो, या सर्व टीका सारख्या नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेल. देवघरची टीका स्वार्थातून आली. पुस्तकावरची टीका न वाचता झाली. भूदान आणि आणीबाणी यांविषयीची टीका मात्र विचारपूर्वक केलेली होती. जो नवा विचार मांडतो, तो कोणाची तरी सवय मोडतो, कोणाचे तरी हित दुखावतो आणि कधी कधी स्वतःही चुकतो. म्हणून टीका झाली की तो माणूस वाईट, असे समजू नका. आणि माणूस थोर आहे म्हणून टीका खोटी, असेही समजू नका. उद्या कोणी तुम्हांला एखाद्या विचारवंताविषयी किंवा पुस्तकाविषयी रागाने सांगू लागला, तर आधी एवढेच विचारा : तुम्ही ते वाचले आहे का? आणि मग तोच प्रश्न स्वतःलाही विचारा.