डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती

बाबासाहेबांचे नाव निघाले की आपल्या नाशिक जिल्ह्यातील माणसाला प्रथम आठवतो तो १९३० साली सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, आणि पाठोपाठ १९३५ ची येवल्याची घोषणा. गोदाकाठच्या आपणां सायखेडकरांना हा इतिहास घरचाच. परंतु ज्या एका कामामुळे आज खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुली महाविद्यालयाची पायरी चढतात, त्याची ओळख पुष्कळ भगिनींना नसते. ते काम म्हणजे महाविद्यालयीन शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती. ही हकीकत त्यांच्या विद्यार्थिदशेपासूनच सांगावी लागते. कारण शिष्यवृत्ती मिळणे म्हणजे काय आणि ती मध्येच संपणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. आई भीमाबाई लवकर गेल्या आणि आत्या मीराबाईंनी मुलाला सांभाळले. पुढे मुंबईस परळच्या चाळीत एका खोलीत सारा संसार. मुलाला पुस्तकांचे वेड आणि सुभेदारांचे उत्पन्न ते काय, पेन्शनचे! एखादे पुस्तक हवे झाले म्हणजे सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्या अंगावरचा एखादा दागिना मागून आणत, तो सावकाराकडे ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत करीत. बाबासाहेबांच्या विद्वत्तेची चर्चा पुष्कळ होते, परंतु त्यांची पहिली शिष्यवृत्ती ही बहिणींच्या दागिन्यांची होती हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही तेव्हा मोठीच नवलाई होती. पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता. अशा वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांची गाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली, आणि महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये शिष्यवृत्ती सुरू केली. हे सयाजीराव जन्माने आपल्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे. दत्तक जाऊन राजे झाले. त्या पंचवीस रुपयांवर एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी. ए. झाले.

१९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच साली बडोदे सरकारने त्यांना अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. करार झाला: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळतील, मात्र परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी लागेल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी दिवसाची रात्र करून अभ्यास केला, १९१५ साली एम. ए. झाले, पुढचा प्रबंधही लिहिला आणि १९१६ साली लंडन गाठले. अर्थशास्त्र आणि कायदा असे दोन्ही अभ्यास सुरू होतात न होतात तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये परतावे लागले.

कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. एवढा शिकलेला अधिकारी, पण शहरात राहायला कोणी जागा देईना. एका पारशी विश्रांतिगृहात नाव बदलून राहिले, तर जात कळताच लोक काठ्या घेऊन चालून आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली आणि नोकरीही सुटली. राजाची मेहेरबानी कितीही थोर असली तरी ती राजवाड्याच्या भिंतीबाहेर पुरत नाही, असेच या प्रसंगावरून वाटते.

मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठविली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचे, आणि रात्री भूक अनावर झाली म्हणजे कोणा ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे. आपल्याकडे पापड ताटातले तोंडी लावणे. तिथे तेच जेवण! इकडे रमाबाई तुटपुंज्या पैशात घर चालवीत होत्या. त्यांच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव जगले. एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्यांचा हिशेब मांडताना रमाबाईंचा खर्च कोणत्या रकान्यात घालावा, हे अजून कोणी ठरविलेले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या वारल्या.

आता मुख्य गोष्ट. १९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच महिन्यात नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची मोठी परिषद भरली, आणि मुलांना शिकवा, मुलींची लग्ने घाईने उरकू नका, असे त्यांनी तेथे जमलेल्या हजारो बायकांना कळकळीने सांगितले. पण सांगून भागत नाही, फी कोण भरणार? ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना एक सविस्तर निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी वर्षाला दोन लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये मागितले. बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांना सरकार मोठे अनुदान देते, मग या समाजाला का नाही, असा त्यांचा रोखठोक मुद्दा होता. सरकारला तो खोडता आला नाही. वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

रक्कम लहान होती, पण फरक मोठा होता. पूर्वी हुशार मुलाला एखादा केळुसकर गुरुजी भेटावा लागे आणि गुरुजींना एखादा सयाजीराव. आता अर्ज केला म्हणजे सरकारने विचार करायचा. १९४८-४९ मध्ये ही सवलत आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. त्यामुळे आपल्या सुरगाणा, पेठ भागातल्या मुलांपुढेही कॉलेजचा रस्ता आला. दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित सरकारने विशेष काळजीने जपावे, हे पुढे राज्यघटनेच्या ४६ व्या कलमातही आले. १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांनी आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या सर्वच घरांतील मुलांना फी-सवलत दिली, तो याच वाटेवरचा पुढचा मुक्काम.

केवळ शिष्यवृत्तीवर बाबासाहेब थांबले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणून दिवसा नोकरी करणाऱ्यांनाही शिकता आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

ती शिष्यवृत्ती अजून चालू आहे. कॉलेजातल्या मुली तिला भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतात. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने तिच्या खर्चाचा साठ टक्के वाटा उचलण्याचे आणि पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँकखात्यात जमा करण्याचे ठरविले. तरी दाखले गोळा करता करता आईबापांची दमछाक होते, आणि हप्ता वेळेवर आला नाही तर घरातला दागिना सुभेदारांच्या काळाप्रमाणेच सावकाराकडे जातो.