पेशीतील ऊर्जेचा शोध घेणाऱ्या डॉ. कमला सोहोनी

बाहेरची परिस्थिती बदलली, तरी सजीवांची पेशी आपले अंतर्गत संतुलन टिकवून धरते. उष्णता, पाण्याचा तुटवडा किंवा इजा यांचा ताण आला, की क्षारांचे प्रमाण राखणे आणि बिघडलेली प्रथिने दुरुस्त करणे ही कामे वाढतात. त्यासाठी ऊर्जा लागते. ही ऊर्जा मिळवून देणाऱ्या यंत्रणेचा एक महत्त्वाचा घटक वनस्पतींमध्येही असतो, हे दाखवून देण्यात मराठी जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचा मोठा वाटा आहे.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. त्यांच्या आग्रहानंतर प्रवेश मिळाला, पण एक वर्षाच्या परीक्षाकाळाची अट घालण्यात आली. प्राध्यापक श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे अन्य विद्यार्थिनींसाठीही खुली झाली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. पेशीच्या श्वसनात भाग घेणाऱ्या सायटोक्रोम या रंगद्रव्यांवर डेव्हिड कायलिन यांनी १९२५ पासून तेथेच मूलभूत काम केले होते. रॉबिन हिल यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी आढळले. लोह असलेले हे छोटे प्रथिन इलेक्ट्रॉनची ने-आण करते. या प्रक्रियेतून मुक्त होणाऱ्या ऊर्जेवर पेशीचे इंधन असलेले एटीपी तयार होते. म्हणजेच श्वसनाच्या या टप्प्यावर वनस्पती आणि प्राणी यांची रीत सारखीच आहे. या संशोधनावरील त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम करून १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईत आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राचे अध्यापन केले आणि पुढे संस्थेचे संचालकपदही भूषविले. कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक प्रथिनांचा त्यांनी अभ्यास केला. ही प्रथिने किडीपासून वनस्पतीचे रक्षण करतात, मात्र माणसाच्या पचनात अडथळा आणतात. शिजवल्यावर त्यांचा प्रभाव बराच कमी होतो. कुपोषितांच्या आहारातील नीरेच्या उपयोगावरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या आणि अन्नातील भेसळीविषयी त्यांनी सातत्याने जनजागृती केली.

त्यांच्या हयातीतच सायटोक्रोम-सीची दुसरी भूमिका उजेडात आली. १९९६ मध्ये अमेरिकेत श्याओडाँग वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हे प्रथिन तंतुकणिकेबाहेर पडले, तर प्राण्यांच्या पेशीत नियोजित मृत्यूची प्रक्रिया सुरू होऊ शकते. ताण पेलण्यापलीकडे गेला, की पेशी अशा रीतीने स्वतःला संपवते आणि उर्वरित शरीराचे संतुलन राखले जाते. पेशीला जगवणारे प्रथिनच तिच्या अखेरीचाही इशारा देते, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नवी दिल्लीत आयोजित केलेल्या सत्कार समारंभात कमलाबाई कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले. त्या परिषदेचे प्रमुखपद डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनीही भूषविले होते. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.