सवाई जयसिंहांची वेधशाळा

सवाई जयसिंह आमेरच्या गादीवर बसले तेव्हा त्यांचे वय अवघे अकरा वर्षांचे, म्हणजे तुमच्याएवढेच होते. त्यांचा जन्म १६८८ सालचा. पुढे त्यांचे आयुष्य मोहिमांत आणि दरबारी राजकारणात गेले. १७२७ मध्ये त्यांनी जयपूर शहर वसविले. पण या साऱ्या धकाधकीत त्यांचे मन आकाशाकडे ओढ घेत असे.

ग्रहांची स्थाने गणिताने काढावीत, तर प्रत्यक्षात ती निराळीच आढळत. ग्रहणांच्या वेळाही चुकत. ज्या कालगणनेवर धर्मकृत्ये व राज्यकारभार चालावयाचा, तीच अशी सदोष असावी, हे जयसिंहांना खपेना. त्यांनी हिंदू व मुसलमान ज्योतिषी पदरी ठेवले. जगन्नाथ पंडितांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला.

आरंभी त्यांनी पितळी यंत्रे करविली. परंतु ती लहान पडत. त्यांवर कलांच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांच्या, खुणा नीट करता येईनात. शिवाय आस झिजून मध्य ढळे. तेव्हा चुना आणि दगड यांची अवाढव्य यंत्रेच बांधावयाची, असे त्यांनी ठरविले. १७२४ च्या सुमारास, महंमदशहा बादशहाच्या काळात, दिल्लीस पहिली वेधशाळा उभी राहिली. तेथील वेधांचा ताळा पाहता यावा म्हणून जयपूर, उज्जयिनी, मथुरा व काशी येथेही त्यांनी वेधशाळा बांधविल्या.

जयपूरचे सम्राटयंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. हे यंत्र म्हणजे एक प्रचंड छायाघटिकाच होय. मध्ये त्रिकोणी भिंत असून तिची तिरपी कड नेमकी ध्रुवाकडे रोखलेली आहे. म्हणूनच तिचा चढ जयपुरास सुमारे २७ अंशांचा, तर उज्जयिनीस सुमारे २३ अंशांचा ठेवावा लागला. ज्या गावाचे जेवढे अक्षांश, तेवढा चढ. भिंतीच्या दोन्ही बाजूंस खुणा कोरलेले वर्तुळाचे चतुर्थांश आहेत. सकाळी पश्चिमेकडील चतुर्थांशावर पडलेली सावली हळूहळू खाली उतरते; दुपारनंतर ती पूर्वेकडील चतुर्थांशावर चढू लागते. ती मिनिटाला सुमारे चार बोटे सरकते, त्यामुळे तिची चाल नुसत्या डोळ्यांनी दिसते! तरी एक अडचण उरलीच. सूर्य हा बिंदू नसून बिंब असल्याने सावलीची कड पुसट पडते.

वेधांवरून तयार झालेली कोष्टके फारसी ग्रंथात नोंदविली गेली. जयसिंहांनी पोर्तुगालला माणसे पाठवून युरोपातील कोष्टकेही मागविली आणि ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली. त्यांत चंद्राच्या स्थानी अर्ध्या अंशाची चूक त्यांना आढळली.

१७४३ मध्ये जयसिंह निवर्तले आणि वेधांचे ते मोठे काम थंडावले. मथुरेच्या यंत्रांचा आज मागमूसही उरलेला नाही. जयपूरच्या सम्राटयंत्रावर मात्र ऊन पडले की सावली अजून मिनिटाला चार बोटे पुढे सरकते.