शेव्रल आणि लोकरीचे रंग

क्रोशाची सुई हातीं धरणाऱ्या आमच्या भगिनींना एक अनुभव खचित आला असेल. दुकानांत शुद्ध राखी दिसलेली लोकर तांबड्या फुलाभोंवतीं विणली, कीं तिच्यावर हिरवट झांक चढते. आणि दोष मात्र बिचाऱ्या रंगाऱ्याच्या माथीं मारला जातो. आम्हींही एकदां असाच दोष दिला होता, आणि तो अन्यायाचा होता. हा अन्याय शास्त्राच्या कसोटीवर लावून ज्यानें दूर केला, त्या मिशेल युजेन शेव्रलचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

शेव्रलचा जन्म फ्रान्समधील आंझे या गांवीं एका वैद्याच्या घरीं ३१ ऑगस्ट १७८६ रोजीं झाला. बालपण राज्यक्रांतीच्या धामधुमींत गेलें. १८०३ सालीं तो पॅरिसला आला व व्होक्लँ या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकूं लागला. पुढें चरबी व तेलें यांचें पृथक्करण करून त्यानें साबणाचें रहस्य उलगडलें. तो विषय मोठा आहे. परंतु आम्हांस लोकरीकडे वळावयाचें आहे.

पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी कारखान्यांत लोकरीच्या धाग्यांनीं भिंतीवर टांगावयाचे सचित्र पडदे विणीत. १८२४ सालीं तेथील रंगखातें शेव्रलकडे आलें, आणि त्याबरोबर गाऱ्हाणींही आलीं. मुख्य गाऱ्हाणें काळ्या रंगाचें. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छाया विणतांना हा काळा फिका पडतो, त्यांत दम नाहीं, असें म्हणणें होतें. प्रश्न रंगाऱ्यांच्या अब्रूचा होता. नव्या अधिकाऱ्यास त्यांना दटावणें सोपें होतें. खात्याचा कैवार घेऊन तक्रार उडवून लावणें त्याहून सोपें. शेव्रलनें दोन्ही केलें नाहीं. देशांतील व परदेशांतील उत्तम रंगशाळांची काळी लोकर मिळवून त्यानें ती आपल्या लोकरीशीं ताडून पाहिली. गोबेलँची लोकर कोठेंही उणी पडेना! मग दोष कोणाचा? दोष शेजाऱ्याचा. दोन रंग जवळ आले, कीं प्रत्येक रंग दुसऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची छटा टाकतो, आणि हें सारें आपल्या डोळ्यांतच घडतें. तांबड्याचा विरोधी हिरवा, निळ्याचा नारिंगी, जांभळ्याचा पिवळा. म्हणून निळ्याजांभळ्यांत बसलेल्या काळ्यावर पिवळट छटा येऊन तो मळकट दिसे.

येथें एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. फिके निळे, जांभळे व राखी रंग टिकत नाहींत, हें दुसरें गाऱ्हाणें त्यानें खरें म्हणून मान्य केलें. आपल्याच खात्याविरुद्ध तें होतें, तरीही.

या शोधावरील त्याचा ग्रंथ १८३९ सालीं प्रसिद्ध झाला. विणणाऱ्यांस त्यांत पुष्कळ घेण्यासारखें आहे. तांबडा व हिरवा यांचे रुंद पट्टे शेजारीं ठेवले, तर दोन्ही उजळतात. पण तेच धागे बारीक बारीक मिसळले, तर दुरून सारा रूमाल राखट दिसतो. कित्येक सुंदर लोकरी अशा वायां गेलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत! रंगांना क्रम लावण्यासाठीं त्यानें ७२ रंगांचें एक वर्तुळही आंखलें.

१८८६ सालीं त्याची शंभरी फ्रान्सनें थाटानें साजरी केली. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ च्या मार्चमध्यें उभा राहिला. त्यावर ७२ शास्त्रज्ञांचीं व स्थापत्यविशारदांचीं नांवें कोरलीं आहेत. त्यांपैकीं त्या वेळीं हयात असलेले दोघेच होते, आणि त्यांतला एक शेव्रल. ९ एप्रिल १८८९ रोजीं, वयाच्या १०२ व्या वर्षीं, त्यानें पॅरिस येथें देह ठेवला.