स्वहस्ते यंत्र घडविणारे कै. गणपत कृष्णाजी

महाड-पोलादपुराकडील आपल्या ज्ञातिकुटुंबांत गुढीपाडव्यास पाटावर पंचांग ठेवून त्याची पूजा करण्याची चाल आहे. परंतु छापील मराठी पंचांग प्रथम कोणी काढले, असे मुलांस विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. ते काढणारा पुरुष भंडारी ज्ञातीचाच होता. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत कै. गणपत कृष्णाजी यांचे अल्प चरित्र आम्ही सादर करीत आहोत.

मुद्रणापूर्वी आपल्याकडे ग्रंथ म्हणजे हाताने उतरून घेतलेली पोथी. पोलादपुरास ज्यांची समाधी आहे त्या कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' हस्तलिखितांतच राहिले आणि 1927 साली प्रथम छापून निघाले. म्हणजे मधे अडीच शतके लोटली. पंचांगाचीही तीच स्थिती. जोशीबुवांनी नक्कल करावी आणि घरोघर वाचून दाखवावे, एवढाच मार्ग.

1813 साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे छापखाना काढला व आपल्या धर्माची लहान मराठी पुस्तके छापण्यास आरंभ केला. ती पाहून आपल्या धर्माचे ग्रंथही असेच छापावेत, असे गणपतरावांच्या मनाने घेतले. द्रव्यबळ बेताचे, यंत्र विकत आणावे तर ते कोठून? त्यांनी मिशनच्या छापखान्यात जाऊन प्रत्येक वस्तू बारकाईने न्याहाळली आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने एक दाबयंत्र तयार केले. शिळाछापाच्या दगडाचा लहानसा तुकडा मिळविला. शाईही स्वतःच करून पाहिली.

शिळाछापात दगडावर तेलकट शाईने उलटी अक्षरे उठवितात, मग दगड पाण्याने ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवितात. ओल्या जागी शाई बसत नाही. तेलकट अक्षरांसच ती धरते. शाई पातळ झाली तर अक्षर पसरते, दाट झाली तर तुटते. दाब कमी-अधिक झाला तर कागद वाया जातो. हे सारे गणपतरावांनी चुकत-माकत साधले. हात बसल्यावर त्यांनी लोखंडी यंत्र करवून घेतले व मोठे दगड आणले. शके 1753, म्हणजे इ.स. 1831 साली, त्यांनी छापलेले पंचांग बाहेर पडले. 'दर्पण' पत्र निघाले ते त्याच्या पुढील वर्षी.

तरी एक अडचण होतीच. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदास शिवत नसत. यासाठी गणपतरावांनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असे परंपरेने सांगतात. लोकांच्या श्रद्धेची थट्टा न करता त्यांनी मार्ग काढला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. खिळ्यांचा छापखाना काढावयाचा म्हणून त्यांनी ठसे स्वतः तयार केले. हे काम सोनाराच्या कामाहूनही नाजूक. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, त्यास पाणी देऊन कठीण करावयाचे, मग तांब्याच्या तुकड्यात ठोकून मातृका उठवावयाची आणि तिच्यावर शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा. इंग्रजीत मुळाक्षरे 26. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या व जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी होतात. एकाची उंची केसभर चुकली तरी ओळ वाकडी दिसते. त्यांच्या छपाईची सुबकता इतकी वाखाणली गेली की, गोविंद नारायण माडगांवकर यांनी 1863 च्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात त्यांचा आदराने वृत्तांत दिला आहे. त्यापूर्वीच, 1860 साली, गणपतराव कैलासवासी झाले होते.

हे चरित्र आज सांगण्याचे कारण केवळ अभिमान नव्हे. माडाच्या पोयीवरून रोज पातळ काप काढावयाचा, तो जाड झाला तर पोय फुकट जाते. असे नेमके काम आपल्या वाडवडिलांच्या हातात होते. त्यांतील अनेकांचा तो धंदा 1949 च्या दारूबंदी कायद्याने बसला, आणि कोयतीला स्वतः धार लावणारा हात पुढे मुंबईत परक्याच्या नोकरीची वाट पाहू लागला. भांडवल नाही, यंत्र नाही, म्हणून काही करता येत नाही, असे आपली तरुण मुले म्हणतात तेव्हा आम्हांस वाईट वाटते. हातकामाचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मुलास आपणच मागे ओढतो, हेही खरे आहे.

गणपतरावांपाशी आरंभी यंत्र नव्हते. पाहण्याची दृष्टी आणि चुका सोसण्याचा धीर होता. पुढील पाडव्यास पंचांगावर फूल वाहताना प्रत्येक घरी मुलांस ही हकीकत सांगावी आणि ज्याचा हात हत्याराकडे वळतो त्यास ते हत्यार घेऊ द्यावे, एवढीच आमची सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे.