चिंतामणराव देशमुख

भिलाई येथील नेहरू नगर ही वसाहत भारताच्या पहिल्या पंतप्रधानांच्या नावाने ओळखली जाते. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या कारकिर्दीतच, १९५५ साली, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. एवढे मोठे निर्णय कोणताही नेता एकट्याच्या बळावर घेऊ शकत नाही. पैसा कोठून उभा करावा, आधी काय करावे, कोणता धोका पत्करावा, हे सांगणारी जाणकार माणसे त्याच्याजवळ असावी लागतात. नेहरूंना लाभलेल्या अशा माणसांपैकी एक होते चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी झाला. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेऊन १९१८ साली ते आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले. त्यांच्या सरकारी सेवेची पहिली अनेक वर्षे मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात गेली. आजची भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. जमीन, महसूल आणि शेतकरी यांचे प्रश्न त्यांना कागदावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामातून समजले.

१९४३ साली ते भारतीय रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. हे पद भूषविणारे ते पहिले भारतीय होत. १९४४ साली अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे जगाच्या चलनव्यवस्थेविषयी परिषद भरली. तेथे भारताच्या प्रतिनिधिमंडळात त्यांचा समावेश होता. फाळणीच्या बिकट काळात बँकेचा कारभार त्यांनी सांभाळला. १९४९ साली त्यांच्याच कारकिर्दीत रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली.

१९५० साली नियोजन आयोग स्थापन झाला. नेहरू त्याचे अध्यक्ष होते आणि चिंतामणराव एक सदस्य. त्याच वर्षी ते देशाचे अर्थमंत्री झाले. योजना म्हणजे केवळ इच्छांची यादी नव्हे. प्रत्येक धरण, प्रत्येक कारखाना यांच्यासाठी पैशाची सोय करावी लागते. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा २,०६९ कोटी रुपयांचा होता, तर दुसऱ्या योजनेतील सरकारी खर्च ४,८०० कोटींचा. ही जुळवाजुळव करण्याची जबाबदारी चिंतामणरावांवर होती. इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण हे महत्त्वाचे निर्णयही त्यांच्याच काळातले.

सल्लागाराची खरी कसोटी मात्र मतभेदाच्या वेळी लागते. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे सरकारने ठरवले. मुंबईत आंदोलन पेटले आणि जानेवारी १९५६ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात अनेक माणसे मृत्युमुखी पडली. मंत्रिमंडळात पुरेशी चर्चा न करता असा निर्णय जाहीर व्हावा, हे चिंतामणरावांना पटले नाही. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेल्याचेही त्यांना दुःख झाले. त्यांनी राजीनामा दिला, आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत त्याची कारणे निर्भीडपणे मांडली. देशातील अत्यंत प्रभावी पद त्यांनी सोडले, पण मनाला न पटलेल्या निर्णयाचा भार वाहण्याचे नाकारले. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

पद गेले तरी देशसेवा थांबली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी उच्च शिक्षणाची घडी बसवली. नंतर ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ साली पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. संस्कृतवर त्यांचे अखेरपर्यंत प्रेम होते. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख याही थोर समाजसेविका होत्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले.

नेत्याला आवडेल तेच सांगणारी माणसे पुष्कळ मिळतात. योग्य वेळी साथ देणारा आणि योग्य वेळी नकार देणारा सल्लागार दुर्मीळ असतो. चिंतामणराव हे त्या दुर्मीळ माणसांपैकी एक होते.